एका म्यानांतील दोन तलवारी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपले पूर्वज सांगून गेले. लॅपटॉप तयार करणाऱ्या कंपन्यांनीं गेल्या वीस वर्षांत ही म्हण खोटी पाडण्याचा चंग बांधला. परंतु ती पुरती खोटी पडली आहे, असें अजूनहि छातीठोकपणें म्हणवत नाहीं. एका लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स कार्डें नांदविण्याच्या या खटाटोपाचा इतिहास आज मी सांगणार आहें. विषय कारागिराच्या बांकावरचा वाटेल. पण त्याची झळ आतां घरोघर पोंचली आहे.

माझ्या घरीं ती कशी पोंचली तें आधीं सांगतों. माझा भाचा वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. त्यानें २०१३ सालीं तयार झालेला एक लॅपटॉप जुनाच विकत घेतला आणि त्यावर इमारतींचे त्रिमित आराखडे काढण्याचें काम वर्षभर सुरळीत चालविलें. पुढें परीक्षेचे आराखडे सादर करण्यास आठ दिवस उरले असतांना, यंत्र जरा चपळ व्हावें या हौसेनें, त्यानें दोन्ही कार्डांचे जुने ड्रायव्हर काढून टाकले आणि मिळाले तेवढे नवे आणून बसविले. त्या रात्रीपासून आराखड्यांचा प्रोग्रॅम उघडेना. यंत्रांत योग्य ग्राफिक्स कार्डच सांपडत नाहीं, अशी त्या प्रोग्रॅमची तक्रार! "मामा, सगळें नवें घातलें, मग बिघडलें काय?" असें त्यानें मला विचारलें. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला सल्ला मिळाला होता कीं, याहूनहि नवा ड्रायव्हर शोधावा, आणि न मिळाल्यास नवा लॅपटॉप घ्यावा. दोन्ही सल्ले चुकीचे होते. ते कां चुकीचे होते, हें या यंत्रांचा इतिहास पाहिल्याशिवाय उमगत नाहीं.

ड्रायव्हर म्हणजे सारथी. संगणकाची कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो वा लिनक्स, ग्राफिक्स कार्डाशीं थेट बोलत नाहीं. तिची आज्ञा त्या विशिष्ट कार्डाला समजेल अशा भाषेंत उतरविणारा जो मधला प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. कार्ड ज्या कंपनीचें, ड्रायव्हरहि बहुधा त्याच कंपनीचा. तो वारंवार सुधारला जातो आणि प्रत्येक सुधारणेला नवा आवृत्ति-क्रमांक मिळतो. रथाला एकच सारथी असला म्हणजे त्याची कोणती आवृत्ति, हा प्रश्न फारसा जाचत नाहीं. पण दोन सारथी, आणि तेहि परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या दोन घराण्यांतले, एकाच बैठकीवर बसविले म्हणजे लगाम कोणाच्या हातीं हा तंटा उपस्थित होतो. आमच्या इतिहासाचा सारा गाभा हाच तंटा आहे.

दोन कार्डांची कल्पना लॅपटॉपवाल्यांनीं प्रथम काढली असें नाहीं. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीनें वूडू नांवाचें एक कार्ड बाजारांत आणलें. त्याला फक्त त्रिमित चित्रें काढतां येत. साधीं अक्षरें व खिडक्या दाखविण्यासाठीं संगणकांत नेहमींचें दुसरें कार्ड असावेंच लागे. नेहमींच्या कार्डांतून एक तार निघून वूडूंत जाई आणि तेथून दुसरी तार पडद्याकडे. खेळ सुरू झाला कीं वूडू पडद्याचा ताबा घेई. खेळ संपला कीं मुकाट्यानें परत देई. कामाची वांटणी स्पष्ट होती. इतका स्वच्छ करार या क्षेत्रांत पुढें क्वचितच झाला.

लॅपटॉपांत दोन कार्डें आलीं तीं मात्र निराळ्या कारणानें. टेबलावरच्या संगणकाला भिंतींतून वीज मिळते. लॅपटॉपाला बॅटरीवर जगावें लागतें. सामर्थ्यवान् स्वतंत्र कार्ड बॅटरी झपाट्यानें खातें आणि मांडी भाजेल इतकें तापतें. मुख्य संचाबरोबरच येणारें इंटेलचें अंगभूत कार्ड काटकसरी खरें, पण दुबळें. २००६ मध्यें सोनी कंपनीनें आपल्या वायो एसझेड या लॅपटॉपांत दोन्ही बसविलीं: इंटेलचें अंगभूत आणि एनव्हीडियाचें स्वतंत्र. कळफळ्याच्या वरच्या बाजूस एक लहानसा खटका होता. त्याच्या एका टोकाला 'स्टॅमिना' म्हणजे दम, आणि दुसऱ्या टोकाला 'स्पीड' म्हणजे वेग. खटका सरकवावा, यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें, कीं दुसरें कार्ड कामाला लागे. एक जागें तर दुसरें झोंपलेलें, असा प्रकार असल्यामुळें त्यांच्या ड्रायव्हरांची गांठच पडत नसे. ही व्यवस्था गैरसोयीची होती, पण प्रामाणिक होती. कोणतें कार्ड चालू आहे हें खटक्याकडे पाहून लहान मुलालाहि सांगतां येई.

या प्रामाणिकपणाला पहिला धक्का ३० जानेवारी २००७ रोजीं बसला. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा ही कार्यप्रणाली सर्वांसाठीं विक्रीस आली. तिच्यांत ग्राफिक्स ड्रायव्हरांची रचना मुळापासून बदललेली होती, आणि त्या नव्या रचनेंत एक अट होती: यंत्रांत कार्डें कितीहि असोत, तीं सर्व एकाच ड्रायव्हरानें चालविलीं पाहिजेत. आतां इंटेलचें एक आणि एनव्हीडियाचें वा एटीआयचें दुसरें, अशा लॅपटॉपांचें काय करावयाचें? लोकांना तर यंत्र बंद न करतां कार्ड बदलून हवें होतें. कंपन्यांनीं जी तोड काढली तिला मी गांठोडें म्हणतों. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र बांधून त्यांवर एक तिसरा मध्यस्थ प्रोग्रॅम बसवावयाचा आणि विंडोजला भासवावयाचें कीं येथें ड्रायव्हर एकच आहे! २००८ च्या सुमारास निघालेल्या पुष्कळ लॅपटॉपांत ही युक्ति होती. कार्ड बदलतांना पडदा क्षणभर काळा होई आणि मग दुसऱ्या कार्डावर पुन्हां उजळे.

वरवर पाहतां हें मोठें सोयीचें झालें. परंतु या गांठोड्याची गांठ कोणीं मारावयाची? इंटेलला एनव्हीडियाच्या ड्रायव्हराशीं कर्तव्य नव्हतें, एनव्हीडियाला इंटेलच्या. तेव्हां हें काम लॅपटॉप जुळविणाऱ्या कंपनीकडे आलें. इंटेलची अमुक आवृत्ति आणि दुसऱ्या कार्डाची तमुक आवृत्ति यांची जोडी तिनें जमवावी, तपासावी आणि आपल्या ग्राहकांना द्यावी. यांत दोन गोष्टी अपरिहार्यपणें घडल्या. ग्राहकानें एका कार्डाचा नवा ड्रायव्हर परस्पर आणून बसविला कीं जोडी फुटे आणि कार्ड बदलण्याची सोय नाहींशी होई. आणि लॅपटॉपाची कंपनी पुढच्या वर्षींच्या विक्रीच्या मागें लागली कीं जुन्या मॉडेलाचें गांठोडें जेथल्या तेथें राही. कार्ड बनविणारी कंपनी म्हणे, तुमच्या लॅपटॉपवाल्याकडे जा. लॅपटॉपवाला म्हणे, कार्ड आमचें नव्हे. मोडक्या छपराच्या घरांत भाडेकरू आणि घरमालक यांचा जसा संवाद चालतो, तसाच हा संवाद होता; भिजे मात्र तिसराच.

ॲपलचा मार्ग त्याच सुमारास निराळा होता, आणि तो बोधप्रद आहे. २००८ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या मॅकबुक प्रोमध्यें दोन्ही कार्डें एनव्हीडियाचींच होतीं, आणि कार्यप्रणाली व यंत्र हीं दोन्ही ॲपलचीं. म्हणजे तंट्याला जागा जवळजवळ नव्हती. तरीसुद्धां कार्ड बदलण्यासाठीं आपलें चाललेलें काम आवरून बाहेर पडावें आणि पुन्हां आंत यावें लागे. एका घरांतल्या दोन भावांचीहि ही स्थिति, मग परक्यांची काय कथा!

२२ ऑक्टोबर २००९ रोजीं विंडोज ७ आली आणि तिनें ती जाचक अट काढून टाकली. दोन कंपन्यांचे दोन ड्रायव्हर एका वेळीं जागे राहूं शकूं लागले. त्यापाठोपाठ २०१० च्या जानेवारींत इंटेलनें अंगभूत ग्राफिक्स थेट प्रोसेसरच्या वेष्टनांतच घातलें. याचा परिणाम असा कीं, स्वतंत्र कार्ड असलेला लॅपटॉप घेणाऱ्याच्या पदरीं दुसरें कार्ड न मागतांच पडूं लागलें. आणि त्याच वर्षीं फेब्रुवारींत एनव्हीडियानें ऑप्टिमस ही योजना जाहीर केली. आज घरोघर जे दुहेरी लॅपटॉप दिसतात त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ या योजनेंत आहे; म्हणून येथें जरा थांबावें लागेल.

ऑप्टिमसमध्यें खटका नाहीं आणि पडदा काळा होणेंहि नाहीं. कारण पडद्याची तार कायमची एकट्या अंगभूत कार्डाला जोडलेली असते. स्वतंत्र कार्डापासून लॅपटॉपाच्या पडद्याकडे रस्ताच नाहीं! तें चित्र काढतें, तयार चित्राची प्रत मुख्य स्मृतींत अंगभूत कार्डाच्या हद्दींत नेऊन ठेवतें, आणि अंगभूत कार्ड तें पडद्यावर मांडतें. पडद्यामागें राहून गाणाऱ्या पार्श्वगायकासारखी ही अवस्था आहे. कोणत्या प्रोग्रॅमसाठीं स्वतंत्र कार्डाला उठवावयाचें हें ड्रायव्हर एका यादीवरून ठरवितो. यादींत नांव नसलेला प्रोग्रॅम दुबळ्या कार्डावरच चालतो. युक्ति खरोखर चतुर होती, आणि बॅटरीच्या दृष्टीनें ती यशस्वीहि झाली. पण तिनें बिघाडाचें स्वरूप पालटलें. पूर्वीं बिघाड डोळ्यांना दिसे. आतां तो लपून बसूं लागला.

ऑप्टिमसच्या यंत्रांत अंगभूत कार्डाचा ड्रायव्हर हा पाया आहे. तो बिघडला, हरवला किंवा बेमेळ झाला, तर वरचा मजला कितीहि भक्कम असून उपयोग नाहीं. लोक मात्र वेगाची तक्रार आली कीं स्वतंत्र कार्डाचाच ड्रायव्हर पुन्हां पुन्हां बदलत बसतात, कारण पैसे त्याचे मोजलेले असतात. दुसरी चूक याहून गमतीची. एनव्हीडियाच्या नियंत्रण-फलकांत पडद्याच्या आकारमानाचे वगैरे विभाग दिसत नाहींत, हें पाहून पुष्कळांना वाटतें कीं ड्रायव्हर अर्धवट बसला. वस्तुतः पडदा त्या कार्डाच्या ताब्यांतच नाहीं; जें नाहीं तें दिसणार कोठून? तिसरी अडचण यादीची. आराखड्यांचा किंवा चित्रपट-संकलनाचा एकादा अपरिचित प्रोग्रॅम यादींत नसला म्हणजे दोन्ही ड्रायव्हर धडधाकट असूनहि काम मंद चालतें, आणि अशा वेळीं आवृत्ति बदलणें म्हणजे पोट दुखत असतां डोक्याला लेप लावणें होय. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ मधील सुधारणेपासून ही निवड प्रत्येक प्रोग्रॅमपुरती खुद्द विंडोजच्या सेटिंगांत करतां येऊं लागली. त्या पूर्वीं ती प्रत्येक कंपनीच्या आपापल्या फलकांत शोधावी लागे.

एएमडीची कथा थोडक्यांत सांगतों. एटीआय २००६ मध्यें तिच्या पोटांत गेली होती. गांठोड्याची रीत या घराण्यांत अधिक काळ टिकली. कित्येक वर्षें एएमडीच्या स्वतःच्या लॅपटॉप-ड्रायव्हरांत, इंटेलच्या जोडीनें दुहेरी कार्डें असलेलीं यंत्रें स्पष्टपणें वगळलेलीं असत. २०१२ मध्यें एन्ड्यूरो या नांवानें योजना सुधारली गेली, तरी त्या वर्षींच्या कांहीं महागड्या लॅपटॉपांत स्वतंत्र कार्ड आपली पुरती शक्ति वापरीतच नसे, आणि तें दुरुस्त करणाऱ्या ड्रायव्हराची ग्राहकांना महिनोन् महिने वाट पाहावी लागली.

लिनक्सच्या जगांत हा तंटा नुसता तांत्रिक राहिला नाहीं. तो तत्त्वाचा झाला. इंटेलचा लिनक्स ड्रायव्हर खुला होता, म्हणजे कोणीहि वाचावा, कोणीहि सुधारावा. एनव्हीडियाचा बंद पेटींतला होता. ऑप्टिमसला तर या दोघांनीं एकमेकांच्या हातीं चित्र द्यावयास हवें. एनव्हीडियानें लिनक्ससाठीं ऑप्टिमस दिलाच नाहीं. तेव्हां स्वयंसेवकांनीं २०११ मध्यें बम्बलबी नांवाचा एक प्रकल्प उभारला. त्या प्रकल्पाच्या एका आवृत्तींत जी चूक झाली ती मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत हृदयद्रावक वाटते. स्थापनेच्या प्रोग्रॅमांत एक जुनी फाईल-शाखा पुसण्याची आज्ञा होती. तिच्या पत्त्यांत 'यूएसआर' या शब्दानंतर एक रिकामी जागा चुकून पडली. एकच जागा! परंतु त्यामुळें पत्ता तेथेंच संपला असें यंत्राला वाटलें आणि त्यानें आंतली लहानशी शाखा पुसण्याऐवजीं, जींत बहुतेक सर्व प्रोग्रॅम राहतात ती अख्खी यूएसआर शाखा पुसून टाकली. ज्यांनीं विश्वासानें तो बसविला त्यांचा ड्रायव्हर नव्हे, सारी कार्यप्रणालीच गेली. चूक लगेच सुधारली गेली, आणि ती करणाऱ्यावर मी दोष ठेवीत नाहीं. ज्यांचें हें काम होतें त्यांनीं तें केलें नाहीं, म्हणून तें दुसऱ्यानें फावल्या वेळांत केलें, हें येथें ध्यानांत धरलें पाहिजे.

पुढच्याच वर्षीं, २०१२ च्या जून महिन्यांत, लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत बोलत होते. श्रोत्यांतील एका महिलेनें आपल्या ऑप्टिमस लॅपटॉपाची हीच कैफियत मांडली. त्यावर त्यांनीं आपण आजवर ज्यांच्याशीं व्यवहार केला त्यांत एनव्हीडिया ही सर्वांत वाईट कंपनी, असें सांगून कॅमेऱ्याकडे पाहत जें हस्तसूचन केलें, त्याचें वर्णन सुसंस्कृत घरांत करतां येण्यासारखें नाहीं. तें चित्र जगभर पसरलें. पण त्याच वर्षीं या नाण्याची दुसरी बाजूहि दिसली. दोन ड्रायव्हरांनीं स्मृतींतील चित्र वांटून घेण्याची एक सोय लिनक्समध्यें तयार झाली होती. ती आम्हांला वापरूं द्या, असें एनव्हीडियाच्या बाजूनें विचारण्यांत आलें असतां, बंद ड्रायव्हराला ती मिळणार नाहीं, असें लिनक्सच्या कांहीं ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीं परवान्याच्या मुद्द्यावर बजावलें. तत्त्व बरोबर असेल; लॅपटॉप मात्र तसाच पडून राहिला. २०१३ मध्यें एनव्हीडियानें एक तडजोड दिली. तींत स्वतंत्र कार्ड सदा जागें राही, आणि तें बदलावयाचें तर काम आवरून बाहेर पडून पुन्हां आंत यावें लागे, म्हणजे ॲपलची २००८ सालची अवस्था! प्रोग्रॅमगणिक कार्ड निवडण्याची खरी सोय एनव्हीडियाच्या लिनक्स ड्रायव्हरांत आली ती २०१९ च्या ऑगस्टांत, ४३५ या मालिकेंत. योजना जाहीर होऊन साडेनऊ वर्षें लोटलीं होतीं.

आतां वार्धक्याविषयीं बोललें पाहिजे, कारण बहुतेक तक्रारींचें मूळ तेथें असतें. कार्डाची एक पिढी जुनी झाली कीं कंपनी तिला नव्या आवृत्तींतून वगळते. एनव्हीडियाच्या केप्लर पिढीचेंच पाहा. टेबलावरच्या संगणकांतील केप्लर कार्डांना ४७० या मालिकेपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, नवे ड्रायव्हर मिळत राहिले. पण लॅपटॉपांतील केप्लर कार्डांना २०१९ च्या एप्रिलांतच, ४२५.३१ या आवृत्तीवर, निरोप देण्यांत आला. पिढी एक, घराणें एक, तरी लॅपटॉपांतलें भावंड दोन वर्षें आधीं वृद्ध ठरलें! इंटेलच्या बाजूस निराळीच कुलुपें होतीं. इंटेलचा सर्वसामान्य ड्रायव्हर बसवूं गेल्यास, हा या यंत्रासाठीं प्रमाणित नाहीं, तुमच्या लॅपटॉपवाल्याकडून घ्या, असें उत्तर येई. २०२० च्या एप्रिलांत इंटेलनें हें कुलूप काढलें, पण तें नव्या पिढ्यांपुरतें.

या सर्व वृत्तान्तांतून बिघाड शोधण्याची एक रीत आपोआप निघते. प्रथम यंत्राचा काळ ओळखावा. व्हिस्टाच्या काळांतलें गांठोड्याचें यंत्र असेल तर लॅपटॉपवाल्या कंपनीनें दिलेली जोडी सोडून बाहेरचा एकहि ड्रायव्हर आंत येऊं देऊं नये. तेथें जुनें तें सोनें ही म्हण अक्षरशः खरी आहे. ऑप्टिमसच्या पुढचें असेल तर आधीं अंगभूत कार्डाचा पाया तपासावा, मग स्वतंत्र कार्डाकडे वळावें. आवृत्ति वाचतांनाहि घोंटाळा होतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्यें एनव्हीडियाचा क्रमांक २५.२१.१४.२५३१ असा लांबलचक दिसतो. त्यांतले शेवटचे पांच आंकडे घेऊन तिसऱ्यानंतर टिंब द्यावें, कीं ४२५.३१ ही खरी आवृत्ति हातीं येते. हें ठाऊक नसल्यामुळें बसलेला ड्रायव्हर न ओळखतां तोच पुन्हां उतरवून घेणारे लोक मीं पाहिले आहेत.

भाच्याच्या यंत्रांत आम्हीं नेमकें हेंच केलें. डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहतांच उलगडा झाला. त्यानें आणलेल्या नव्या ड्रायव्हरानें त्या वृद्ध कार्डाला ओळखच दिली नव्हती. जुना तर त्यानें आधींच काढून टाकलेला. तेव्हां विंडोजनें आपल्याजवळचा एक कामचलाऊ ड्रायव्हर तेथें बसवून वेळ मारून नेली होती. आम्हीं इंटरनेट तोडलें, कारण तें चालू असतां विंडोज स्वतःच्या मर्जीनें मधेंच कांहींतरी आणून बसविते. दोन्ही ड्रायव्हरांचे अवशेष समूळ काढले. लॅपटॉपवाल्या कंपनीच्या पानावर अंगभूत कार्डाचा जुना ड्रायव्हर अजून होता. तो आधीं बसविला. यंत्र पुन्हां सुरू केलें. मग स्वतंत्र कार्डाला लागू पडणारी शेवटची आवृत्ति शोधून बसविली, पुन्हां यंत्र सुरू केलें, आणि आराखड्यांच्या प्रोग्रॅमचें नांव हातानें यादींत घातलें. दीड तास लागला. त्यांतला एक तास शोधाशोधींत गेला.

इकडे मोठ्या कंपन्यांनीं या वीस वर्षांत फिरून कोठें मुक्काम केला पाहा. चित्राची प्रत अंगभूत कार्डाकडे पोंचविण्यांत थोडी गति खर्च होते, ही गोष्ट खेळाच्या शौकिनांना सलत होती. म्हणून २०२० मध्यें एनव्हीडियानें सुधारलेला ऑप्टिमस जाहीर केला. त्यांत पडद्याची तार गरजेप्रमाणें या कार्डाकडून त्या कार्डाकडे वळविणारा खटका यंत्राच्या पोटांत पुन्हां बसविला होता. आणि पुढच्या दोन वर्षांत अनेक कंपन्या आपल्या जाहिरातींत असा खटका हें मोठें भूषण म्हणून मिरवूं लागल्या. कांहीं यंत्रांत तर तो सरकविल्यावर संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा लागतो. २००६ सालचा सोनीचा ग्राहक हें पाहून हंसेल.

भाच्याचे आराखडे वेळेवर सादर झाले. त्यानंतर महिन्याभरांत विंडोजनें एका रात्रीं त्याला न विचारतां अंगभूत कार्डाचा ड्रायव्हर बदललाच. पण या वेळीं त्यानें मला बोलाविलें नाहीं. दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती त्यानें लॅपटॉपाच्या बुडाला चिकटविली आहे.